फुकट ते पौष्टिक

'फुकट ते पौष्टिक' ही म्हण आपल्याकडे हसत हसत वापरली जाते, पण ज्याच्यासाठी वापरली जाते त्याला ती लागते. फुकट्या ही तर शिवीच आहे. सरकारनं काही दिलं की ते 'मोफत' असतं, आणि मग त्यावर 'रेवडी' म्हणून टीव्हीवर तासभर वाद रंगतो. २०२२ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी बुंदेलखंड एक्स्प्रेस-वेच्या उद्घाटनाच्या भाषणात हा शब्द वापरला, तेव्हापासून तो घराघरांत पोचला आहे. गंमत अशी की हा वाद चवीनं ऐकणाऱ्या माझ्यासारख्या आयटीवाल्याच्या ऑफिसात कॉफी फुकट असते, रात्रीची कॅब फुकट असते, अम्मी-अब्बांचा आरोग्य विमासुद्धा कंपनी काढून देते. त्याला रेवडी म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. त्याला 'पर्क' म्हणतात. म्हणजे फुकटचीही प्रतवारी आहे, आणि ती घेणाऱ्याच्या कपड्यांवरून ठरते.

मला या लेखात फुकटची बाजू घ्यायची आहे. विशेषतः गावाकडून किंवा तालुक्याच्या ठिकाणाहून मुंबईत नोकरीला, शिकायला आलेल्या आपल्या मुलामुलींसाठी.

मी मूळचा लातूर जिल्ह्यातला. इंजिनिअरिंग संपवून मुंबईला आलो त्याला दहा-अकरा वर्षं झाली. आज कुर्ल्यात वन रूम किचनचं २६ हजार रुपये भाडं देतो. डिपॉझिट वेगळं, दर ११ महिन्यांनी करार नवा, आणि करार नवा म्हटलं की भाड्यात वाढ आलीच. बेस्टचं किमान भाडं २०१९ मध्ये कमी करून ५ रुपयांवर आणलं होतं, ते मे २०२५ मध्ये १० रुपये झालं. दोघांनी मल्टिप्लेक्सला जाऊन पॉपकॉर्न घेतलं की हजाराची नोट कुठे गेली ते कळत नाही. (हजाराची नोट बंद झाली, पण हिशेब अजून तिच्यातच होतो.)

त्यात आपलं नाव. ब्रोकरला फोनवर नाव सांगितल्यावर पलीकडे जी दोन सेकंदांची शांतता होते, ती ज्यानं ऐकली नाही असा मुसलमान भाडेकरू मला या शहरात अजून भेटायचा आहे. 'भाई, सोसायटी में नहीं चलता, आप बुरा मत मानना.' बुरा मानून करणार काय? घरं मोजकीच दाखवली जातात, मोजक्या भागांत दाखवली जातात, म्हणून जी मिळतात ती महाग पडतात. एखाद्या महागड्या शहरात एकाच पगाराची दोन माणसं असतील, तर ज्याचं नाव अडतं त्याला ते शहर जास्त महाग पडतं, हा साधा मागणी-पुरवठ्याचा हिशेब आहे.

म्हणूनच या शहरात आपण काय फुकट वापरतो हा प्रश्न मला चैनीचा वाटत नाही. फक्त कुठलं फुकट, ते नीट पाहून घेतलं पाहिजे.

फुकटचा एक प्रकार मला आतून ठाऊक आहे, कारण तो बनवण्यात माझ्यासारख्यांची पोटं भरतात. पहिली ऑर्डर फुकट, पहिला महिना फुकट, पहिल्या तीन राइड अर्ध्या भाड्यात. कंपनीच्या हिशेबात ही खैरात नसते, एक ग्राहक मिळवायला आलेला खर्च म्हणून ती रीतसर लिहिली जाते, आणि तो ग्राहक पुढच्या किती महिन्यांत तो खर्च भरून देईल याचाही तक्ता तयार असतो. 'एक महिना फ्री' घेताना तुमच्याकडून यूपीआय ऑटोपेची परवानगी घेतली जाते, बहुतेक वेळा एक-दोन रुपये कापून. त्या एका रुपयासाठी कुणी थांबून वाचत नाही. महिना संपतो, तुम्ही विसरता, आणि कंपनीचा धंदा तुमच्या विसरण्यावर चालतो. सुरू करण्याचं बटण मोठं आणि हिरवं का असतं, रद्द करण्याचं बटण सेटिंगच्या चौथ्या पानावर का असतं, यात योगायोग काहीही नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं तेव्हा आधी डिसेंबरपर्यंत आणि मग पुढच्या मार्चपर्यंत सगळं फुकट होतं. देशभर लोकांना डेटाची सवय लागली, मग दर आले, आणि सवय मात्र कुणाची सुटली नाही.

अशा गोष्टी घेऊच नका असं मी म्हणत नाही. मीही घेतो. फक्त महिन्यातून एकदा यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडून बघा. आपण कशाकशाला 'हो' म्हणून बसलो आहोत ते तिथे ओळीनं लिहिलेलं असतं. कुठलीही मोटिव्हेशनल रील बघण्यापेक्षा ही यादी बघणं जास्त उपयोगाचं आहे.

माझ्याच धंद्यात दुसरंही एक फुकट आहे. लिनक्स आहे, मराठी विकिपीडिया आहे. इंग्रजीत दोन्हींना 'फ्री' म्हणतात आणि मग त्यांना कुठला अर्थ घ्यायचा ते समजावत बसावं लागतं. आपल्याकडे शब्दच वेगळे आहेत: फुकट आणि मुक्त. कुणीतरी आधी वेळ घातला, पैसा घातला, आणि नंतर येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवून निघून गेला. परत काही मागितलं नाही. मुंबई अशा गोष्टींनी भरलेली आहे, आणि आपली पोरं त्या वापरत नाहीत ही माझी खरी तक्रार आहे.

काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आहे. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती १९५२ मध्ये उभी राहिली. तिकीट नाही. सकाळी ११ ते संध्याकाळी ७ कधीही आत जा. इथे आपली चित्रं लागावीत म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात, आणि ती बघायला आपल्याला फक्त दारातून आत जायचं असतं. मला पहिल्यांदा तिथे नेलं ते माझ्या परभणीच्या रूममेटनं. त्यालाही चित्रातलं काही कळत नव्हतं, त्याला एसी हवा होता. एप्रिलचा महिना होता. आम्ही दोघं एका मोठ्या कॅनव्हाससमोर उभे होतो. त्यावर खडकाळ जमीन, एक वाळलेलं झाड, बाकी काही नाही. तो बराच वेळ बघून म्हणाला, "हे आमच्या शेताकडचं आहे." बाजूला उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "कुठलं गाव तुमचं?" त्याच चित्रकार होत्या. पुढची वीस मिनिटं त्या आणि माझा रूममेट दुष्काळावर बोलत होते. त्यांनी गाव विचारलं. त्याचं आडनाव काय, आम्ही कुठे राहतो, हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही.

हेच मला सांगायचं आहे. जिथे तिकीट लागत नाही, तिथे सहसा नावही लागत नाही. फ्लॅटच्या दारावर नाव विचारतात, बँकेच्या काउंटरवर विचारतात, आजकाल तर डिलिव्हरीवाल्यालाही त्याचं नाव स्क्रीनवर दिसतं म्हणून ऐकून घ्यावं लागतं. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर मात्र तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाला तुम्ही कोण हे माहीत नसतं, आणि त्याला त्याची गरजही नसते. ज्याचं नाव दिवसभर पुढे येतं आणि आडवं येतं, त्याला अशा जागेची किंमत जास्त कळायला हवी.

काळा घोड्याचा आर्ट फेस्टिव्हल १९९९ पासून होतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास नऊ दिवस, नाच, नाटक, चित्रं, पुस्तकांवरच्या गप्पा, आणि तिकीट नाही. गर्दी इतकी की शनिवार-रविवारी जाण्यात अर्थ नाही, मधल्या वारी संध्याकाळी जावं. तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत गेलं की एशियाटिक सोसायटीचा १८३३ चा टाऊन हॉल लागतो. त्याच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास करणारी, भांडणारी, फोटो काढणारी पोरं रोज दिसतात. आत दरबार हॉलमध्ये व्याख्यानं होतात, त्यांतली बरीचशी सगळ्यांना खुली असतात.

माझी स्वतःची आवडती गोष्ट वेगळी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, २००९ पासून 'चाय अँड व्हाय?' नावाचा कार्यक्रम करते. रविवारी सकाळी ११ वाजता, कधी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये, कधी माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात. एखादा शास्त्रज्ञ येतो, सोबत प्रयोगाचं सामान आणतो, आणि तासभर एखादा विषय समजावून सांगतो. प्रवेश सगळ्यांना. समोर आजोबा, शाळकरी मुलं, माझ्यासारखे रविवारी घरी करमत नसलेले इंजिनिअर. प्रश्न विचारायला कुणालाही बंदी नाही, आणि सर्वांत अवघड प्रश्न नेहमी सातवी-आठवीतली मुलगी विचारते. ज्या शास्त्रज्ञाला कॉन्फरन्समध्ये भेटायला हजारो रुपये फी भरावी लागेल, त्याला तुम्ही तिथे 'सर, मला हे पटलं नाही' असं म्हणू शकता. मी माझ्या चुलतभावाला घेऊन जातो. तो गोवंडीत राहतो, अकरावी सायन्सला आहे. त्याच्या क्लासची वर्षाची फी ८० हजार आहे, आणि 'का?' असं विचारायची सोय तिथे नाही.

आता हे सगळं फुकट म्हणजे कुणी तरी भरलेलं आहे, हे विसरून चालणार नाही. जहांगीरचे पैसे एका पारशी उद्योगपतीचे. धोबी तलावच्या वाचनालयाच्या तर नावातच फ्री आहे, 'पीपल्स फ्री रीडिंग रूम अँड लायब्ररी', एकोणिसाव्या शतकातलं. जुन्या मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी आपल्या माणसांच्या नावानं रस्त्यावर दगडी प्याऊ बांधले. मांडवी भागातलं केशवजी नाईक यांचं कारंजं १८७६ चं, वर घड्याळाचा मनोरा आणि खाली पाणी. आपल्याकडे मोहरमच्या दिवसांत डोंगरी-भेंडी बाजारात सबील लागते. सरबत पिणाऱ्याला कुणी विचारत नाही की तू शिया की सुन्नी, की यातला कुणीच नाही. पाणपोई, प्याऊ, सबील, तीन नावं आणि रीत एकच. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखानाही याच रीतीतला. वक्फ या शब्दाच्या मुळाशी हीच कल्पना आहे: एखादी मालमत्ता बाजारातून कायमची बाजूला काढायची आणि तिचा फायदा लोकांना होऊ द्यायचा. आज वक्फ म्हटलं की फक्त कोर्ट, कायदा आणि कब्जे आठवतात, त्याला बाहेरच्यांइतकेच काही आपले मुतवल्लीही जबाबदार आहेत. पण तो विषय वेगळा.

माहीमला दर्ग्याच्या रस्त्यावर हॉटेलांसमोर माणसं रांगेत उकिडवी बसलेली तुम्ही पाहिली असतील. कुणीतरी येतो, गल्ल्यावर पाच जणांचे, दहा जणांचे पैसे देतो, रांगेतली तेवढी माणसं जेवायला बसतात. देणारा कोण हे त्यांना कळत नाही, खाणारा कोण हे त्याला कळत नाही. मला हे दृश्य बघवत नाही आणि तरी आवडतं. बघवत नाही, कारण माणसाला जेवणासाठी उकिडवं बसावं लागू नये. आवडतं, कारण जेवणाआधी कुणाला काही सिद्ध करून दाखवावं लागत नाही. सरकारी योजनेच्या रांगेत आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि झेरॉक्स यांचा जो जुडगा लागतो, तो तिथे लागत नाही.

बागा, मैदानं, चौपाट्या, महापालिकेचे दवाखाने यांचे पैसे आपणच भरतो. इन्कम टॅक्स भरणारे थोडे, हे खरं. पण पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा घेणाराही जीएसटी भरतोच. 'टॅक्सपेअरच्या पैशावर फुकट' असं ऑफिसात कुणी म्हणालं की मी त्याला एवढंच सांगतो.

मग आपली पोरं या जागांवर का दिसत नाहीत? 'दिसत नाहीत' हे मी मोजून म्हणत नाही, डोळ्यांना जे दिसतं ते म्हणतोय. मॉलमध्ये भरपूर दिसतात. बँडस्टँडला दिसतात, तेही एका खानाच्या बंगल्यासमोर. विचारलं तर उत्तरं येतात. आपल्याला त्यातलं कळत नाही. तिकडे सगळे इंग्रजी बोलतात. कपडे बघून वॉचमन अडवेल. ही शेवटची भीती अगदीच खोटी नाही, टोपी-दाढीवाल्याकडे दोनदा बघणारे वॉचमन आहेत. पण दोनदा बघू द्या. तिसऱ्या रविवारी तोच वॉचमन ओळखीचं हसतो. चित्रातलं कळत नसेल तर माझ्या रूममेटलाही कळत नव्हतं. आणि इंग्रजीचं म्हणाल, तर ज्यांचं इंग्रजी आपल्याला घाबरवतं, त्यांतल्या निम्म्यांना बुकाचं अनुक्रमणिकेपलीकडे काही वाचलेलं नसतं.

मुलींची गोष्ट निराळी आहे, आणि तिथे माझा सूर बदलतो. मुलाला सांगता येतं की जा, बस, बघ. मुलीला आधी घरातून बाहेर पडायचं कारण लागतं. कॉलेज, क्लास, दवाखाना, खरेदी ही चालणारी कारणं. 'समुद्र बघायला' हे कारण चालत नाही. २०११ मध्ये शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा यांवर 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. बाईला काही काम नसतानाही शहरात रेंगाळता आलं पाहिजे, हे त्या पुस्तकाचं म्हणणं. मी ते माझ्या धाकट्या बहिणीला दिलं. वाचून ती म्हणाली, "भाईजान, हे अब्बांना वाचायला द्या. मला तर आधीच माहीत आहे." तिकीट नसलेलं दारही बंद असू शकतं, हे आपल्याला हाजी अलीनं दाखवलं आहे. समुद्रातून जाणारा तो रस्ता सगळ्यांना फुकट, पण २०१२ च्या सुमारास बायकांना मजारीपाशी जायला बंदी घातली गेली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या कोर्टात गेल्या आणि २६ ऑगस्ट २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द ठरवली. म्हणजे फुकटच्या जागेसाठीसुद्धा भांडावं लागलं, आणि भांडणाऱ्या आपल्याच बहिणी होत्या.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. मी आतापर्यंत जी नावं घेतली ती बहुतेक दक्षिण मुंबईची आहेत. मुंब्र्याच्या, मालवणीच्या, गोवंडीच्या पोरासाठी जहांगीर फुकट नाही. त्याला लोकलचं भाडं आहे, जाऊन-येऊन तीन तास आहेत, आणि रविवार हा त्याचा कामाचाही दिवस असू शकतो. शहरानं आपल्या चांगल्या फुकट गोष्टी एका टोकाला मांडल्या आणि देवनारचा कचरा दुसऱ्या टोकाला. पण हे बदलता येतं, याचंही उदाहरण गोवंडीतच आहे. नटवर पारेख कंपाउंड म्हणजे प्रकल्पग्रस्तांना हलवून वसवलेल्या, एकमेकींना खेटलेल्या इमारती. कम्युनिटी डिझाइन एजन्सी ही संस्था तिथे रहिवाशांबरोबर काम करते. तिथे 'किताब महल' नावाची लायब्ररी उभी राहिली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच दिवसांचा 'गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल' झाला. तिथल्याच पोरापोरींनी केलेले फोटो, रॅप, नाटक, भिंतींवरची चित्रं. सगळ्यांना खुला. माझा चुलतभाऊ तेव्हा लहान होता, पण त्याला त्यातला एक रॅप अजून पाठ आहे. त्याच्या तोंडी गोवंडी हे नाव पत्ता म्हणून येतं, सफाई दिल्यासारखं येत नाही.

आणि घाई करायला हवी, कारण फुकटच्या आणि स्वस्तातल्या गोष्टी कमी होत चालल्या आहेत. राणीच्या बागेचं मोठ्या माणसाचं तिकीट वर्षानुवर्षं ५ रुपये होतं. पेंग्विन आले, आणि २०१७ मध्ये ते ५० रुपये झालं. आईबाप आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर १०० रुपयांत जाता येतं, पण आपल्याकडे आईबाप, दोन मुलं, एक फुफी आणि गावाकडून आलेली तिची पोरं असं कुटुंब असतं, त्याचं काय? मलबार हिलला २०२५ मध्ये झाडांमधून जाणारा लाकडी मार्ग झाला. सुंदर आहे, आणि २५ रुपये तिकीट आहे. २५ रुपये म्हणजे काहीच नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ते खरंच काही नाही. मैदानं आणि बागा खासगी संस्थांना 'दत्तक' देण्याचं धोरण महापालिकेनं २०१६ मध्ये आणलं, तेव्हा नागरिकांनी ओरड केली म्हणून त्याला स्थगिती मिळाली. २०२३ मध्ये विषय पुन्हा आला, पुन्हा ओरड झाली. ती ओरड करणारे कोण होते, ते आठवून बघा. जे त्या मैदानावर रोज सकाळी चालायला जातात ते. जो कधी गेलाच नाही तो कशाला ओरडेल? एखादी बाग वापरणारे सगळे तिकीट परवडणारेच असतील, तर तिथे तिकीट लावायला कुणाला अडचण येणार आहे?

आमच्या भागात निवडणुकीच्या आधी उमेदवार येतात आणि मशिदीला रंग, कब्रस्तानाला भिंत, गल्लीला पेव्हर ब्लॉक एवढं देऊन जातात. आपणही तेवढंच मागतो. पुढच्या वेळी येतील तेव्हा एक अभ्यासिका मागा. रात्री १० पर्यंत उघडी राहणारी, पंखे चालणारी, मुलींसाठी वेगळा कोपरा नव्हे तर मुलींसाठी पुरेसा उजेड असलेली. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहत असतील तर बारावीची मुलगी अभ्यास कुठे करणार, हा प्रश्न त्यांना तोंडावर विचारा. आणि अभ्यासिका झाली की ती रिकामी राहू देऊ नका, नाहीतर वर्षभरात तिथे कुणाचं तरी संपर्क कार्यालय होईल.

तोवर जे आहे ते वापरायला सुरुवात करा. हिवाळा आणि उन्हाळा या दिवसांत शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगो येतात. हार्बर लाइननं शिवडीला उतरायचं, स्टेशनवरून जेट्टीपर्यंत टॅक्सी मिळाली तर ठीक, नाहीतर चालायचं. रस्त्यात ट्रक आणि धूळ आहे, पोरांना सोबत नेणार असाल तर पाणी घेऊन जा. मुख्य म्हणजे जायच्या आधी भरतीची वेळ बघा. भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर गेलात तर पक्षी किनाऱ्याजवळच्या चिखलात असतात आणि दुर्बिणीशिवायही दिसतात. ओहोटीला गेलात तर लांबवर एक गुलाबी रेघ दिसेल, आणि सोबतची पोरं म्हणतील, एवढ्यासाठी आणलं का.